स्किझोफ्रेनिया : कराडजवळच्या एका घरातले कुटुंबोपचार

घर कराड तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत, आणि एक-दोन प्रसंग दुसऱ्या घरांतून इथे आणले आहेत. आजार, औषधं आणि घरातली ओढाताण मात्र अशा घरांत जशी असते तशीच आहे.

घरात सहा माणसं. आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आई. थोरला मुलगा साखर कारखान्यात, हंगामात रात्रपाळीला. त्याची बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. आणि धाकटा, वय २५, ज्याच्या नावाने केसपेपर निघालेला आहे. आबांची थोरली बहीण, विधवा आत्या, दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण या घरातला कुठलाही निर्णय तिच्याशिवाय होत नाही. पहिल्या भेटीत मी तिला बोलावलं नव्हतं. ती आलीच.

धाकट्याला दुसऱ्यांदा वॉर्डातून घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्याकडे चिठ्ठी पाठवली : औषधाला प्रतिसाद चांगला, घरी गेल्यावर टिकत नाही, घरच्यांसोबत काम व्हावं. या प्रकरणाचा प्रश्न एवढाच होता. वॉर्डात महिन्याभरात सुधारणारा मुलगा घरी गेल्यावर चार-पाच महिन्यांत पुन्हा का बिघडतो?

आजार

मेकॅनिकल डिप्लोमा करून तो चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला लागला. तिन्ही पाळ्या, एका खोलीत पाच जण. बावीस-तेविसाव्या वर्षी झोप उडाली. सुपरवायझर आणि खोलीतली पोरं आपल्याबद्दल खुणेने बोलतात असं वाटायला लागलं. पुढे दोन पुरुषांचे आवाज ऐकू यायला लागले. ते त्याच्याशी बोलत नसत, त्याच्याविषयी आपसांत बोलत : आता उठला, आता पाणी पितोय. नोकरी सोडून तो गावी आला आणि फोन धान्याच्या कोठीत पुरून ठेवायला लागला.

पहिले सात-आठ महिने देवऋषी, उतारे, गुरुवारचा दर्गा असे गेले. त्याबद्दल घराला बोल लावण्यात मला अर्थ वाटत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचाराबाहेर आढळले होते. हे घर त्यातून बाहेर आलं तेच पुष्कळ. रिस्पेरिडोन या गोळीने आवाज कमी झाले, पाच महिन्यांनी पुन्हा वाढले, भरती झाली. मग ओलॅन्झापिन, पुन्हा घर, पुन्हा भरती. दोन्ही वेळा कागदावर एकच कारण लिहिलेलं होतं : औषध बंद केल्यामुळे. ते अर्धंच खरं होतं.

घर ऐकणं

मी आधी प्रत्येकाला वेगळं भेटले. कुटुंबोपचार म्हणजे सगळ्यांना गोल बसवून बोलतं करायचं, असा एक समज आहे. इतकी वर्षं जी गोष्ट कुणी बोललं नाही ती पहिल्याच दिवशी सासऱ्यासमोर सून कशी बोलेल?

आबांशी तासभर बोलले. मुलगा नऊपर्यंत झोपतो, आंघोळ सांगितल्याशिवाय करत नाही, ताट उचलत नाही, पोट सुटलंय, डिप्लोमाचे पैसे पाण्यात. "मॅडम, आजार-बिजार असंल, न्हाई म्हणत न्हाई मी. पर आळस किती?" पहाटे साडेपाचला ते पडवीत उभे राहून मोठ्याने म्हणत, "राजेसाहेब उठले का?" म्हणत ते म्हशीकडे बघून, ऐकायचं ते मात्र आतल्या खोलीतल्याने.

या बोलण्याला संशोधनात मोठा इतिहास आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना दिसलं की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेली माणसं, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा भरती होतात. सर्वांच्या अपेक्षेच्या उलट. त्यातून कॅम्बरवेल कौटुंबिक मुलाखत नावाची पद्धत तयार झाली. नातेवाईक रुग्णाबद्दल बोलताना किती टीका करतो, त्यात वैर किती, काळजीचा अतिरेक किती, माया किती, हे सगळं ती मुलाखत मोजते. टीकेची साधारण सहा वाक्यं भरली की ते घर 'तीव्र', म्हणजे भावना तीव्रपणे व्यक्त करणाऱ्या, गटात जातं. व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ साली पाहिलं की तीव्र गटातल्या घरी परतलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण १३ टक्के होतं. आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर धोका अजून वाढत होता.

आबांची सहा वाक्यं चहा येण्याआधीच झाली होती. आणि ३५ तासांचं म्हणाल तर तीन खोल्यांच्या घरात ते मोजणार कसे?

चंडीगडला १९८० च्या दशकात हीच मुलाखत वापरून अभ्यास झाला. तिथल्या नातेवाइकांत तीव्र गटातले फक्त २३ टक्के निघाले, लंडनपेक्षा खूप कमी. आपल्याकडे हा आकडा फार कौतुकाने सांगितला जातो : बघा, आपली कुटुंबं किती सहनशील! मला त्यात तेवढा दिलासा वाटत नाही. आपल्याकडची टीका बऱ्याचदा लेकी बोले सुने लागे अशा वाटेने जाते. म्हशीला बोलायचं, भांडं आपटायचं, शेजारच्या पोराच्या पगाराची चौकशी करायची. मुलाखतीत ती पकडायची तर घेणाऱ्यालाही त्याच घरात वाढलेलं असावं लागतं.

थोरला जेमतेम वीस मिनिटं बोलला. "मी घरात नसतोच," हे त्याचं मुख्य वाक्य. वहिनीने पदराशी चाळा करत विचारलं, "आमच्या पोरीला होईल का हो हे?" त्या प्रश्नावर नंतर येते.

चहातली गोळी

आईशी बोलताना मात्र मी सावध झाले. ती कधीच टीका करत नव्हती. ती त्याच्या दाराशी आडवी झोपायची, तो शेतात गेला तर बांधावर जाऊन उभी राहायची, त्याला दाढीचं पाणी काढून द्यायची. मुलाखतीच्या पद्धतीत याला काळजीचा अतिरेक म्हणतात, आणि आजार उलटण्याशी त्याचाही संबंध दिसलेला आहे. पण हे तिला सांगायचं कसं? तिने मला आधीच विचारलं होतं, "माझ्याच हातनं काय चुकलं का, मॅडम?"

या प्रश्नाला मानसशास्त्राने एके काळी फार क्रूर उत्तर दिलेलं आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइकमन यांनी आजार निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशकं अमेरिकेतल्या आया ते ओझं वाहत राहिल्या. १९५६ साली बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांचा सिद्धान्त मांडला, तोही याच अंगाने वापरला गेला. दत्तक दिलेल्या मुलांच्या अभ्यासांनी पुढे दाखवलं की जन्मदात्या आईचा आजार, मूल तिच्यापासून दूर वाढलं तरी, धोका वाढवतो. संगोपनाने आजार होतो हे टिकलं नाही. आजच्या कुटुंबोपचाराचा पायाच हा आहे की कुटुंब आजाराचं कारण नाही. मी तिला "नाही" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. असं एकदा सांगून भागत नाही.

तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती रडली आणि म्हणाली की ती गोळी कुटून चहात घालायची. दोन्ही वेळा घरी आल्यावर तो गोळी तोंडात धरून नंतर थुंकायचा, म्हणून. पुष्कळ घरांत हे चालतं. कधी भाकरीच्या पिठात, कधी आमटीत. कुणी वाईट हेतूने करत नाही.

आता त्याच्या बाजूने बघा. घरातलं कुणीतरी अन्नात काहीतरी घालतंय, हा त्याच्या आजारातला एक संशय. डॉक्टर त्याला भ्रम म्हणतात, आबा डोक्यावर परिणाम म्हणतात. आणि एका सकाळी त्याला कपाच्या तळाशी पांढरा साका दिसतो. त्या दिवसापासून त्याने घरचं खाणं सोडलं. टपरीवरचे बिस्किटांचे पुडे आणि केळी, एवढ्यावर राहायला लागला. आबांनी त्याला माज म्हटलं. आईने घाबरून चहा बंद केला, म्हणजे औषधच बंद झालं. पंधरा दिवसांत दुसरी भरती.

हे तिने त्याला स्वतः सांगावं असं मला वाटत होतं. तिची तयारी व्हायला वेळ लागला. डॉक्टरांशी बोलले, तेही दोन बैठकांनंतर करा म्हणाले. घरच्या पडवीत, संध्याकाळची धार काढून झाल्यावर, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "चहात मीच घालत हुते. भ्या वाटत हुतं मला."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं. सगळे म्हणत होते मला भास होतोय."

माझ्या मते या घरातला उपचार तिथून सुरू झाला. आजाराबद्दलची माहिती त्याआधी दोन बैठकांत मी नीट समजावली होती, मेंदूतलं डोपामिन हे रसायन काय, गोळी काय करते. ती ऐकली सगळ्यांनी, पण त्याला ती ऐकायचं काही कारण नव्हतं. जे घर त्याला खोटं पाडत होतं त्याच घराकडून त्याने औषध का घ्यावं?

त्यानंतर ठरलं ते असं. अन्नात काही घालायचं नाही, कधीच नाही. गोळी तो स्वतः पाकिटातून काढून घेणार. आत्याने लगेच सुचवलं की गोळ्यांवर वहिनीने लक्ष ठेवावं, कारण त्याचं तिच्याशी बरं जमतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, वहिनीनेही. मी तो ठराव होऊ दिला नाही. म्हैस, स्वयंपाक, पोरगी, सासूचे गुडघे, आणि आता दिराची गोळी. चुकली तर बोल कुणाला, हे त्या घरात सांगायची गरज नव्हती. सुनेच्या मानेवर ठेवणं फार सोपं असतं म्हणूनच ते टाळायला हवं. शेवटी आठवड्याच्या सात खणांची डबी आली. ती तो भरतो, आणि रविवारी दुपारी आईने एकदा बघायची. रोज नाही. या एका वाक्यावर आई पंधरा मिनिटं भांडली. दारातली झोप मात्र तिने आपणहून हलवली, आधी माजघरात, मग आपल्या जागी.

आबा

आबांना आळस आणि आजार यातला फरक पटत नव्हता. आवाज, संशय ही लक्षणं दिसतात. उत्साह जाणं, बोलणं कमी होणं, आंघोळीचंही मनावर न येणं ही लक्षणं दिसत नाहीत, ती स्वभावासारखी दिसतात. औषधं पहिल्या प्रकारावर चांगली चालतात, दुसऱ्यावर फारशी नाहीत. जो नातेवाईक हे सगळं माणसाच्या हातातलं आहे असं मानतो, तोच जास्त टीका करतो. आबा दुष्ट नव्हते. मुलगा मनात आणेल तर उठेल, एवढाच त्यांचा विश्वास होता, आणि आशा सोडायची नसेल तर तो विश्वास सोडता येत नव्हता.

एका बैठकीत धाकट्यालाच विचारलं, सकाळी नेमकं काय होतं. तो म्हणाला, आवाज आता लांब गेलेत, पण कुणी बोललं की ते आणि हे एकदम येतं, काय सांगितलं ते धरून ठेवता येत नाही. आबा जरा पुढे सरकले. "म्हंजे बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीत तिकीट फाडताना चाळीस जण एकदम बोलत्यात, तसं?" तो म्हणाला, "तसंच." आबांनी विचारलं, "आणि घंटी मारायची कुणी?" मी एवढ्या वेळात आजार समजावायला जे जे बोलले होते, त्यापेक्षा हे बरं होतं.

पहाटेची हाक बंद झाली. लगेच नाही. डॉक्टरांनी गोळीची वेळ रात्री अकरावरून साडेआठवर आणली, त्याने सकाळची गुंगी कमी झाली. आबांना एक नियम दिला : एका वेळी एकच गोष्ट सांगायची, त्याच्याकडे बघून सांगायची, आणि काल काय केलं नाही ते काढायचं नाही. सकाळच्याऐवजी संध्याकाळचं दूध डेअरीवर नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. तो नेतो, कधी चुकवतो.

कौतुक हा प्रकार या घरात नव्हताच. "छान केलंस" असं मुलाच्या तोंडावर म्हणणं आबांना नाटकासारखं वाटायचं, आणि मी आग्रह धरला तेव्हा ते खरोखरच नाटकासारखं वाटलं. पुढे धाकट्यानेच सांगितलं की आबा डेअरीवाल्याला म्हणाले, "आमचं दूध आता वेळेवर येतंय, काय?" आणि तो शेजारीच उभा होता.

काका, आणि स्थळ

वहिनीचा प्रश्न मी तिच्या परवानगीने सगळ्यांसमोर ठेवला. तेव्हा आत्याने खाली बघत सांगितलं की तिचा आणि आबांचा एक भाऊ होता. तरुणपणी तो एकटाच बडबडायचा, एके दिवशी पंढरपूरला म्हणून निघाला आणि परत आला नाही. थोरल्याला हे तिशीत पहिल्यांदा कळत होतं.

आकडे सांगणं भाग होतं. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका ९ टक्क्यांच्या आसपास, काका-मामाला असेल तर ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार वर्षांच्या पोरीला तो न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. वहिनीने ते बोटांवर मोजल्यासारखं केलं. थोरला मात्र त्या दिवसापासून बैठकांना जास्त येऊ लागला. तो घराबाहेर का राहत होता, ते मला तेव्हा लक्षात आलं. त्याला भावाची लाज वाटत नव्हती, स्वतःची भीती वाटत होती.

आत्याने मात्र दुसऱ्या बाजूने स्थळ आणलं होतं. मुलगी सोलापूरकडची, घर गरीब. लग्न झालं की ताळ्यावर येईल, आणि आजाराचं सांगायची काय गरज? मी कायद्याचं सांगितलं : महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याखाली ते रद्द होऊ शकतं. कायद्याने आत्या हलली नाही. मग मी विचारलं की नवऱ्यामुलाला काय वाटतं. कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "मला मुलगी बघायची नाही. मला आधी सलग झोप पाहिजे." आबा हसले, आणि स्थळ परत गेलं. हा विषय संपलेला नाही, तो दर लग्नसराईत येणार.

गणपती

आम्ही धोक्याच्या खुणांची यादी केली होती, त्याच्याच शब्दांत : दोन रात्री सलग झोप नाही, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करणं, फोन कोठीत, बाहेरचं बिस्किट. खाली कुणी कुणाला फोन करायचा ते लिहिलं. कागद देवळीत ठेवला.

गणपतीत मंडळाच्या स्पीकरच्या भिंती चौकात लागल्या आणि तीन रात्रींनी टीव्ही बंद झाला. हे सगळ्यात आधी आबांच्या लक्षात आलं. त्यांनी आवाज न चढवता थोरल्याला सांगितलं, थोरल्याने डॉक्टरांना फोन केला, डोस काही दिवसांसाठी वाढवला, आणि विसर्जनापर्यंत धाकटा आत्याकडे झोपला, कारण तिचं घर चौकापासून लांब. भरती झाली नाही.

हे औषधाने झालं की घराने, असं कुणी विचारलं तर वेगळं काढून सांगता येणार नाही. पण एकट्या औषधाच्या तुलनेत औषध आणि कुटुंबासोबतचं काम यांचा फरक पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. इयान फॅलून यांनी १९८२ साली ३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरी जाऊन कुटुंबासोबत काम केलं त्यांच्यापैकी ६ टक्क्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, ज्यांच्यावर घरच्यांना न घेता एकट्यावरच उपचार झाले त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांचा. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात ५३ चाचण्या होत्या. तिथे परिणाम इतका झगझगीत नाही, पण दिशा तीच. ब्रिटनची मार्गदर्शक सूचना किमान १० बैठका म्हणते, तीन महिने ते एक वर्षात. ऊस, म्हैस आणि रात्रपाळी सांभाळून आमचं ते गणित वर्षाच्या बाहेर गेलं. सगळे एकत्र असे फार थोड्या वेळा बसले.

सातारा जिल्ह्यालाच याचा एक जवळचा अनुभव आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे झालेली, २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली २८२ रुग्णांची चाचणी. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरी जाऊन रुग्ण आणि कुटुंबासोबत काम केलं, जोडीला डॉक्टरांचे उपचार. वर्षाच्या शेवटी लक्षणं आणि अक्षमता दोन्ही नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा थोड्या जास्त कमी झाल्या. थोड्याच. हा 'थोड्या' शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरच्यांना मी जे वचन देते ते याच मापाचं असावं लागतं.

सध्या

भरती होऊन दीड वर्ष होत आलं. आवाज अधूनमधून येतात. वजन वाढलंय, साखर तपासावी लागते. चाकणला तो परत जाणार नाही, कराडात एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस जातो, आठवड्यातून तीन-चार वेळा. आई रविवारी डबी बघते, आणि मला शंका आहे की बुधवारीही बघते.

आता वाद दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा आहे. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार त्या यादीत आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता ठरली तर सवलती मिळू शकतात. आबांना ते हवंय, त्यांच्यामागे याचं काय ही चिंता. धाकट्याला नको. "कागद झाला की मी कायमचा तसाच." दोघांचंही बरोबर आहे, आणि मी अजून कुणाच्याच बाजूने बोललेले नाही. पुढची बैठक यावर आहे. ती थोरल्याने स्वतः मागून घेतली, सुट्टीच्या दिवशी, आणि एक अट घातली की पहिला अर्धा तास फक्त धाकट्याने बोलायचं, आत्याने मध्ये पडायचं नाही. आत्या म्हणाली, "बघू."